हाताची घडी घालून उभी राहिलेली सिस्टर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाकं मुरडायला नकोत. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडरकी केली. लोक तेलाच्या बाटलीत खोकल्याचं औषध मागतात, 'दिवसातून तीनदा' असं चारदा बजावलं तरी घरी जाऊन सगळी बाटली एकदम पितात आणि वर मलाच विचारतात, गुण का नाही आला. असल्या माणसांत राहून कुणाचं डोकं थंड राहील? पण त्या तेहतीस वर्षांत एकच माणूस असं भेटलं, की मी त्याच्यावर मनसोक्त चिडलो आणि दर खेपेला चूक माझीच निघाली. रेबेका प्रभुदास भिंगारदिवे. आम्ही सगळे नुसतं सिस्टर म्हणायचो.

आमचं गाव खर्ड्यापासून चार मैल आत. दवाखाना तीन खोल्यांचा आणि माणसं चार: डॉक्टर कुलथे, सिस्टर, रंगुबाई आया आणि मी. औषधं आणि हत्यारांचं कपाट माझ्या ताब्यात, त्याची किल्ली कायम माझ्या गळ्यात. सिस्टर बासष्ट साली आली. शिक्षण नगरच्या मिशन हॉस्पिटलात झालेलं, नवरा प्रभुदास गावच्या शाळेत मास्तर. गावानं आधी त्या दोघांना लांबूनच पाहिलं. मग दोन-चार अडलेल्या बाया तिच्या हातून सुटल्या आणि लोकांनी तिची जात, देव, जेवण या गोष्टी विचारायचं सोडून दिलं.

तिची काम करायची तऱ्हा बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. घरी बाळंतपणाला गेली की आधी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायची, त्यावर आपली काळी बॅग ठेवायची. बॅग उघडण्याआधी हात धुवायची, आणि काम झालं की बॅग मिटण्याआधी पुन्हा. घरातल्या बायकांना वाटायचं, ही बाई कुठला तरी सोवळ्याचा प्रकार करतेय. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, हात झिजतील अशानं."

"झिजू द्या गोरक्षभाऊ. नवे मागवून घेऊ. तुमच्या सामानाच्या यादीत लिहून ठेवा."

अशी बोलायची. आवाज चढवायची नाही, पण माणसाला बरोबर गप्प करायची.

तिला एक खोड होती, प्रश्न विचारायची. मी औषध मिसळत असलो की शेजारी येऊन उभी राहायची, हे त्यात का घालता? मी म्हणायचो, डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून. मग ती डॉक्टरांकडं जायची. डॉक्टर कुलथ्यांची जाडजूड पुस्तकं नेऊन वाचायची, समोर डिक्शनरी ठेवून. प्रभुदास मास्तर तोवर भाकऱ्या थापायचे. मास्तरांच्या भाकऱ्या नगर जिल्ह्याच्या नकाशाच्या आकाराच्या व्हायच्या, पण बिचारे मनापासून करायचे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, नोकरी पक्की आहे, लोक मान देतात. आता या वयात आणखी शिकून काय करायचंय?"

ती म्हणाली, "दवाखान्यात जी बाई येते तिचं मी करते, गोरक्षभाऊ. जी येतच नाही तिचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलंच नाही."

मला त्या वेळी ते काही कळलं नाही. मी म्हणालो, जी येत नाही तिचं आपण कशाला करायचं.

बहात्तरच्या दिवाळीत एक सरकारी कागद आला. नोकरीत असलेल्या नर्सेसना मुंबईत दहा महिन्यांचा पुढचा कोर्स, पब्लिक हेल्थ नर्सिंगचा. गावोगावचं आरोग्य कसं सांभाळायचं, दायांना कसं शिकवायचं, रोगाचं मूळ कसं हुडकायचं, हे सगळं त्यात. वयाची अट पस्तीस. सिस्टरला जूनअखेर पस्तीस पुरी होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अर्ज मार्च संपायच्या आत गेला पाहिजे, आणि त्यावर डॉक्टरांची सही पाहिजे की यांना सोडायला आमची हरकत नाही.

डॉक्टरांची हरकत होती. भला माणूस, पण स्पष्ट बोलायचे.

"सिस्टर, तुम्ही गेलात तर इथली बाळंतपणं कोण करणार? मी आणि गोरक्ष?"

मला तिथल्या तिथं घाम फुटला. सिस्टरनं अर्ज भरून माझ्याकडं दिला, कपाटात ठेवा म्हणाली. खोटं कशाला बोलू, मलाही ती जायला नको होती. तिच्याशिवाय दवाखाना कसा चालेल या विचारानंच मला झोप लागेना. म्हणून तो अर्ज मी कपाटात सगळ्यात तळाशी, बॅन्डेजच्या गठ्ठ्याखाली ठेवला.

पुढच्याच महिन्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. सकाळी दहाला मोकळी झाली, मुलगा झाला. सिस्टर घरी आली होती, सगळं तिच्याच हातून झालं. दुपारी दवाखान्यात परत येऊन तिनं हत्यारं मोजली, कारण ती दर वेळी मोजायची, आणि मला म्हणाली, "गोरक्षभाऊ, एक कात्री कमी आहे. नाळेची."

दवाखान्यात त्या कात्र्या दोनच. माझं डोकं फिरलं. दोन वर्षांत ही तिसरी कात्री जात होती. आधीच्या दोन आठवड्याभरानं आपोआप कुठून तरी परत आल्या होत्या, पण माझ्या रजिस्टरला आपोआप चालत नाही. मी रंगुबाईला फैलावर घेतलं. डॉक्टरांच्या टेबलाचे खण उपसले. सिस्टर शांतपणे म्हणाली, "एकदा घरी बघा ना तुमच्या."

"माझ्या घरी?" मी म्हणालो. "सिस्टर, माझं घर कंपाउंडरचं घर आहे. तिथं दवाखान्याची टाचणी सापडायची नाही तुम्हाला."

चार दिवस मी सगळ्यांशी भांडत होतो. पाचव्या दिवशी नातवाची पाचवी. आमच्याकडं पाचवीला पाटा मांडून पुजतात, सटवाई त्या दिवशी बाळाच्या कपाळावर लिहायला येते म्हणून. सिस्टरलाही जेवायला बोलावलं होतं. संध्याकाळी मी अंघोळ करून, टोपी घालून पाट्यापुढं बसलो, हात जोडले, डोळे मिटून मनोभावे नमस्कार केला आणि डोळे उघडून बघतो तर पाट्यावर मधोमध, हळदीकुंकवानं माखलेली, दवाखान्याची कात्री.

माझी बायको पुष्पावती शांतपणे म्हणाली, "अहो, असं काय बघताय? ज्यानं नाळ कापली ते हत्यार पुजल्याशिवाय पाचवी होते का? उद्या नेऊन देणारच होते."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही मला विचारलंत कुठं? तुम्ही तर रंगुबाईला विचारत होता."

सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होती. मी खजील होऊन बसलो होतो. पण हसता हसता ती एकदम थांबली आणि पुष्पावतीला म्हणाली, "वहिनी, सगळ्यांच्याच घरी हत्यार असं पाच दिवस राहतं?"

"राहतं म्हणजे काय, राहायलाच पाहिजे."

"आणि झुंबरमावशीची कात्री? ती पण?"

"ती पण."

झुंबरबाई म्हणजे गावची दाई. साठी उलटलेली, अर्ध्याअधिक गावाची नाळ तिनं कापलेली. सरकारनं तिला दोन वर्षांपूर्वी पत्र्याची पेटी दिली होती, त्यात साबण, दोरा आणि एक कात्री. सिस्टर त्या पाचवीला जेवली काय आणि नाही काय. तिचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना सुटला की ती वही घेऊन गाव आणि सात वस्त्या पायी फिरायला लागली. वर्षभरात ज्या ज्या घरी बाळंतपण झालं तिथं जायचं, अंगणात बसायचं, कपात जो येईल तो चहा प्यायचा आणि विचारायचं: नाळ कशानं कापली? ते हत्यार पुढं कुठं होतं? बाळ कसं आहे?

तीन आठवड्यांनी तिनं वही डॉक्टरांपुढं ठेवली. मी मुद्दाम बाटल्या पुसत तिथंच थांबलो.

"सर, मागच्या वर्षीची अठ्ठावन्न बाळंतपणं. झुंबरमावशीची कात्री एका घरी पाचवीसाठी अडकली, की मधल्या पाच दिवसांत दुसरीकडं बाळंतपण आलं तर तिच्याकडं हत्यारच नसतं. मग विळा. एकवीस बाळांची नाळ विळ्यानं कापलीय. त्यातली तीन बाळं आठवड्याच्या आत धनुर्वातानं गेली. कात्रीनं कापलेल्यातलं एकही नाही."

डॉक्टरांनी एकेक पान उलटून वाचलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?"

"कुणीच नाही."

"आपण दर सभेत ओरडतो, दाया ऐकत नाहीत, पेटी वापरत नाहीत."

"पेटी वापरतात, सर. कात्री पुजेत असते."

मी तिथं उभा होतो म्हणून सांगतो, डॉक्टरांचा चेहरा त्या क्षणी शाळेतल्या पोराचा झाला होता. पण सही? सही नाही केली त्यांनी. अट घातली. जानेवारी ते मार्च, तीन महिने गावातली बाळंतपणं झुंबरबाईनं करायची. सिस्टरनं शिकवायचं, शेजारी उभं राहायचं, पण हात लावायचा नाही. आणि त्या तीन महिन्यांत एकही बाळंतपणाची केस दवाखान्याच्या दारात येता कामा नये.

"तसं झालं तर मी मान्य करीन की इथं तुमच्यावाचून चालतं. मग जा."

"आणि एखादी अडलेली आली तर, सर?"

"तर मग तुमच्यावाचून चालत नाही, असंच ना?"

सिस्टर 'बरं' म्हणाली. मला वाटलं, संपलं. झुंबरबाई आणि शिकणार? ती बाई तलाठ्यालाही दारातून हाकलायची.

सिस्टर तिच्याकडं गेली तेव्हा औषधाच्या निमित्तानं मीही गेलो होतो, गंमत बघायला. झुंबरबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. सगळं ऐकून म्हणाली, "तुज्या वयाच्या पोरी म्या जल्माला घातल्या, आन् तू मला हात धुवायला शिकीवती व्हय?"

मला वाटलं सिस्टर आता जंतूंवर भाषण देईल. तिनं खाली बसून शेंगा फोडायला घेतल्या आणि सरळ सांगून टाकलं. "मावशी, मला पुढं शिकायला जायचंय. हे माझं शेवटचं वर्ष आहे. तुम्ही नीट शिकलात तरच मला सोडतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी इथंच."

झुंबरबाईनं हातातली शेंग टोपलीत टाकली. "मंजी तू म्हातारीला शाळंत घालनार, तवा तुला शाळंत जाया मिळनार?"

"हो."

"मास्तर छडी बी मारील का काय?"

"मास्तर भाकऱ्या करतात, मावशी. छडी धरायला त्यांना वेळ नाही."

म्हातारी इतकी हसली की शेंगांची टोपली कलंडली. मग शिकवणी सुरू झाली.

कात्रीचं काय करायचं, तो पहिला प्रश्न. सिस्टर म्हणाली, दाढीचं नवं पातं वापरू, उकळून. एका बाळाला एक पातं, ते त्या घरीच पाचवीला राहील, तुमची पेटी मोकळी. झुंबरबाई कडाडली. "बाप्यांच्या दाढीचं पातं सटवाईम्होरं ठेवायचं?"

"कुणाच्या दाढीला लागलेलं नाही मावशी. कागदात गुंडाळलेलं, कोरं."

"कोरं?"

"कोरं करकरीत."

झुंबरबाईनं पातं हातात घेतलं, त्याचा कागद उलगडला, उन्हात धरून बघितलं. बाळाला पहिलं लुगड्याचं फडकं जुनं चालतं, पण देवापुढं कोरं ते कोरं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती म्हणाली, "आन् इळा तर गवत कापून आल्याला असतो. मंग हे बरं की." झालं. हे जंतू, उकळणं, धनुर्वात सगळं पुढं आलं, पण गाडी अडली होती ती त्या एका शब्दानं सुटली.

दुसरं भांडण पाण्याचं. तो सगळा दुष्काळाचा काळ. विहिरी कोरड्या, टँकर दोन दिवसांआड, आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. झुंबरबाई म्हणायची, "प्यायला पानी न्हाई, आन् ही दोन तांबे हातावर वताया सांगती." तिचंही खोटं नव्हतं. मग सिस्टरनं घरोघरी सांगितलं, सातवा महिना लागला की कोपऱ्यात एक कळशी झाकून ठेवा, तिला कुणी हात लावायचा नाही. बायकांनी तिला बाळाची कळशी असं नाव दिलं. घरातली तहानलेली माणसंसुद्धा त्या कळशीकडं बघून वळायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बाळंतपणाच्या खोलीत माझं काय काम? तिथलं सगळं मला रंगुबाईनं सांगितलं. सिस्टर भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहायची. "हात काखंत असत्यात तिचे," रंगुबाई म्हणायची, "पन बोटं नुस्ती चुळबुळ करत्यात." अकरा वर्षं जे हात पुढं व्हायचे ते बांधून ठेवायचे म्हणजे सोपं नाही. एकदा झुंबरबाईनं पातं उकळलं, हात धुतले, सगळं यथासांग केलं आणि ऐन वेळी सवयीनं पात्याला हळदकुंकू लावून ते नाळेकडं नेलं. सिस्टर जागची हलली नाही. फक्त म्हणाली, "मावशी, पातं बदला."

"आधी पुजलं तर काय बिगाडलं?"

"पातं कोरं होतं. हळद कोरी होती का?"

झुंबरबाईनं ते पातं बाजूला ठेवलं आणि दुसरं उकळायला टाकलं. पुढं असं कधी झालं नाही. उलट तीच लेकींना, सुनांना दटावायची, पूजा मागनं, आधी काम.

जानेवारीत पाच झाली, फेब्रुवारीत सहा, मार्चच्या पंचवीस तारखेपर्यंत आणखी पाच. सोळा बाळं, सोळाही ठणठणीत, एकही केस दवाखान्यात नाही. सिस्टर रोज वहीत लिहायची. डॉक्टर रोज ती वही मागून घ्यायचे आणि वाचून परत द्यायचे. प्रभुदास मास्तर नव्या ट्रंकेला रंग देऊन बसले होते. माझी चिडचिड वाढली होती. ती जाणार हे आता दिसत होतं, आणि ती जाऊ नये असं वाटणं बरं नाही हेही कळत होतं.

सत्तावीस मार्च. दुपारचे दोन वाजले असतील. दवाखान्यापुढं बैलगाडी थांबली. गाडीत गावातल्या कानिफनाथाची बायको राहीबाई कण्हत पडलेली, आणि तिचा हात धरून बसलेली झुंबरबाई.

चार दिवस राहिले होते. आणि इथंच मी एक पाप कबूल करतो. राहीबाईची काळजी होतीच, पण त्याखाली कुठं तरी मला बरंही वाटलं. सिस्टर आता जात नाही. हे मनात आलं, आणि ते आलं याची मला आजही लाज वाटते.

सिस्टर आतून धावत आली. अट, तारीख, सही, यातलं काहीसुद्धा तिच्या तोंडावर दिसलं नाही. ती आणि झुंबरबाई दोघींनी मिळून राहीबाईला उतरवलं. झुंबरबाई एवढंच बोलली, "मूल आडवं हाय. डोकं हिकडं कुशीला लागतंय. पानी अजून फुटल्यालं न्हाई. म्या आत हात घातला न्हाई, तू सांगितलं हुतं तसं." दार बंद झालं.

तास-सव्वातास गेला. कानिफनाथ पडवीत येरझाऱ्या घालत होता, मी त्याला दोनदा उगाचच झापलं. मग आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. डॉक्टरांनी पोटावरूनच मूल फिरवून सरळ केलं होतं आणि पुढचं सगळं सिस्टरनं केलं. मुलगी झाली. कानिफनाथ माझ्याच गळ्यात पडला.

मी बाहेर आलो तर झुंबरबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती. चाळीस वर्षांत त्या बाईला रडताना मी पाहिलं नव्हतं. सिस्टर तिच्याजवळ जाऊन बसली.

"चार दिस ऱ्हायले हुते, पोरी. पैल्यासारखं असतं तर म्याच फिरवाया बगितलं असतं. सांजपातुर झटले असते. पन पोटाला हात लावला आन् कळलं, हे आपल्या हातचं न्हाई. म्या गाडी जुपाया लावली. तुजी शाळा बुडिवली म्या."

सिस्टरनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "मावशी, पहिल्यासारखं केलं असतं तर राहीबाई गेली असती. आणि मी मग कुठल्या तोंडानं शाळेत गेले असते?"

"पन आता जाया मिळनार न्हाई की तुला."

"नाही मिळणार," सिस्टर म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच. "तरी तुम्ही बरोबरच केलंत."

मला तिथं उभं राहवेना. मागं वळलो तर दारात डॉक्टर हात पुसत उभे. किती वेळ होते कोण जाणे. ते झुंबरबाईला म्हणाले, "किती वेळ वाट बघितलीत गाडी काढायला?"

"वाट कशाची बगायची, साहेब? कळलं तवाच काढली."

डॉक्टर आत गेले. मी त्यांच्या मागं. खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गोरक्ष, अट मीच चुकीची घातली होती. एकही केस येऊ नये म्हणालो. यायला हवी होती ती केस वेळेत आली, ही खरी परीक्षा." मग जरा चिडूनच म्हणाले, "उभा काय राहिलास? सिस्टरचा अर्ज कुठाय?"

मी कपाट उघडलं. बॅन्डेजचे गठ्ठे उपसले. अर्ज थोडा चुरगळला होता, तो टेबलावर हातानं नीट सारखा केला आणि डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी सही केली. मी शिक्का मारला. इतका जोरात मारला की दौत उडाली, आणि डॉक्टरांच्या नव्या शर्टावर शाई पडली. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ते हसत होते.

जूनमध्ये ती निघाली. सकाळच्या गाडीनं जामखेड, तिथून नगर, पुढं मुंबई. फाट्यावर अर्धं गाव जमलं होतं. राहीबाई पोरीला घेऊन आली, आमची पुष्पावती चटणीचा डबा घेऊन आली. प्रभुदास मास्तर रंगवलेली ट्रंक घेऊन उभे, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते गावातच राहणार होते. सगळे होते, एक झुंबरबाई नव्हती. सिस्टर सारखी रस्त्याकडं बघत होती.

"मावशी रुसल्या का हो माझ्यावर?" तिनं मला विचारलं.

तेवढ्यात रंगुबाई धापा टाकत आली. "बाई, झुंबरमावशी येत न्हाईत. बनुबाईच्या सुनंला सकाळच्यानं कळा लागल्यात. त्या तितंच हायेत."

सिस्टर झटकन उठली. बनुबाईच्या वस्तीच्या वाटेनं दोन पावलं टाकलीसुद्धा तिनं. मग थांबली. रंगुबाईकडं वळून म्हणाली, "मला बोलावलंय का?"

"न्हाई, बाई."

"काही निरोप? काही अडचण?"

"काय बी न्हाई. मावशी म्हनल्या, सिस्टरला सांगू नगं, तिची गाडी चुकंल."

समोरून एसटी दिसू लागली. शिकवणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच गावात एक बाई बाळंत होत होती आणि रेबेका सिस्टरला कुणी बोलवायला आलं नव्हतं. ती त्या वस्तीच्या वाटेकडं बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिचं हसू काही मावत नव्हतं. मीही रडलो, लपवत नाही. मास्तरांनी ट्रंक टपावर चढवली, कंडक्टरनं घंटी मारली, आणि सिस्टर पदरानं तोंड पुसत गाडीत जाऊन बसली.